तात्यांची जातिवंत पोल्ट्री

आमच्या घरात देवापेक्षा रक्तावर विश्वास जास्त होता. देवाला वर्षातून एकदा नैवेद्य दाखवला की त्याचं भागत असे. रक्ताचा विषय मात्र दोन्ही वेळच्या जेवणात असायचा. बैल उधळला की त्याच्या आईचं रक्त निघायचं. शेजारचा मुलगा दारू प्यायला लागला की त्याच्या मामाच्या घरचं रक्त निघायचं. माझे दात पुढे आले ते आईच्या माहेरच्या रक्तामुळे, आणि दहावीला मी पहिल्या वर्गात आलो तो आमच्या घराण्याच्या रक्तामुळे, असा निकाल लागला होता आणि आईने तो मुकाट्याने मान्य केला होता. निकाल देणारे म्हणजे तात्या, माझे थोरले चुलते. तात्या कुठल्याही वासराच्या पाठीवर हात फिरवून त्याच्या आजोबांचा स्वभाव सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. वासराचा आजोबा येऊन साक्ष देणार नव्हता, त्यामुळे तात्यांचा शब्द कधी खोटा पडला नाही.

आता चाळिशी ओलांडूनही मला बरीच वर्षं झाली. चिंचवडच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. जनुकांचा धडा आला की माझा आवाज जरा चढतो, आणि मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना कोपराने ढोसतात. त्यांना वाटतं, सरांचं या धड्याशी काहीतरी वैर आहे. वैर धड्याशी नाही. तो धडा मी पुस्तकाआधी आमच्या पोल्ट्रीत, कोंबडखताच्या वासात शिकलो, आणि त्या शिक्षणाची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच एका माणसाने दिली. ते लिहायचं तर तात्यांची टिंगल करणं सोपं आहे, आणि ती मी करणार आहे. तेवढी त्यांनी कमावलेली आहे. पण तिच्या आडोशाला लपून मी स्वतः सुटेन असं कुणी समजू नये.

मोशी तेव्हा गावच होतं. इंद्रायणीच्या अंगाला उसाचे आणि कांद्याचे तुकडे होते, आणि हमरस्त्याच्या अंगाला प्लॉटिंगवाल्यांचे चुना फासलेले दगड उगवायला लागले होते. जमीन विकून आलेल्या पैशाला आमच्या भागात एक खाज असते. कुणी जीप घेतली, कुणी गळ्यात साखळी घातली, कुणी घराच्या दर्शनी भागाला दवाखान्यासारख्या पांढऱ्या फरश्या लावल्या. या सगळ्यांना तात्या नावं ठेवायचे. मग रस्त्याकडेचा आमचा पट्टा विकला गेला आणि तात्यांनी नदीकडच्या रानात पोल्ट्री काढली. माझे वडील भोसरीच्या एका कंपनीत तीन शिफ्टमध्ये काम करायचे. दिवसपाळी असो की रातपाळी, घरी आले की डोळ्यांवर ओला पंचा टाकून झोपायचे. घरातलं पगार आणणारं ते एकमेव माणूस, आणि सगळ्यात कमी बोलणारंही तेच. पोल्ट्री काढायची का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तात्या म्हणतील तसं.

पिल्लं आणून देणारा एक एजंट होता, शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावणारा. त्याने पांढऱ्या, लाल तुऱ्याच्या परदेशी जातीची पिल्लं खोक्यांतून उतरवली आणि तात्यांना म्हणाला, अंड्यांसाठी याच्या तोडीची जात दुसरी नाही. तात्यांना तेवढंच ऐकायचं होतं. त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं, त्याची चोच दाबली, पाय ताणले आणि म्हणाले, "रगत चोख हाय." एजंटाने पुढे सांगितलं की कोंबड्या अंड्यावर आल्या की हिवाळ्यात सांजेला बल्ब लावावे लागतील, दिवस लांब दिसला पाहिजे, नाहीतर अंडी घटतील. त्यावर तात्या हसले.

"सांजचं उजेड कशाला? कोंबडीला काय अभ्यास करायचाय?"

सगळे हसले. मीही हसलो. आमच्याकडे तेव्हा गुरुवारी दिवसभर वीज नसायची आणि इतर दिवशी नेमकी दिवेलागणीला जायची, त्यामुळे बल्बची गोष्ट तिथेच संपली. जातिवंत जनावराला असली थेरं लागत नाहीत, लागली तर ते जातिवंत कसलं, असं तात्यांचं शास्त्र होतं.

पोल्ट्रीचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. तो नाकात शिरत नाही, डोळ्यांत शिरतो. तो माझ्या वह्यांना होता, अंथरुणाला होता, आईच्या लुगड्याला होता. भोसरीच्या कॉलेजला जाताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामी असे, आणि मी ती माझ्या हुशारीला मिळालेली इज्जत समजायचा प्रयत्न करत असे. घरात फुटक्या अंड्यांचं कालवण रोजचं झालं. आई कांदा-खोबरं भाजून काळं वाटण करायची, त्यावर तेलाचा तवंग यायचा, बाजरीची भाकरी कुस्करून आम्ही ते ओरपायचो, आणि पहिले पंधरा दिवस आम्ही श्रीमंत झालो असं वाटलं. त्यानंतर नुसतं अंडं फोडल्याचा आवाज आला तरी वडील भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा मागायला लागले.

तात्यांना पांढऱ्या कोंबड्यांची एकच गोष्ट खटकत होती. त्या अंडं घालायच्या आणि त्याच्याकडे वळूनही न पाहता निघून जायच्या. आमच्या अंगणातली गावरान कोंबडी खुडूक झाली की तिचा नूरच पालटायचा. ती अंडी द्यायची थांबायची, अंग फुगवून टोपलीत बसायची, छातीची पिसं उपटून उघड्या कातडीची ऊब अंड्यांना द्यायची, आणि हात घातला तर चोच मारायची. तिला उठवायला बायका तिला गार पाण्यात बुचकळायच्या किंवा तिच्याच पिसाची काडी तिच्या नाकपुडीतून आरपार घालायच्या. तरी ती दोन दिवसांनी पुन्हा टोपलीत. पांढरीला यातलं काहीच नाही. "आई म्हणून लाज न्हाई हिला," तात्या म्हणायचे. ज्या जातीला त्यांनी चोख रक्त म्हणून मिरवत आणलं, तिच्यातून माणसांनीच पिढ्यानुपिढ्या खुडूक बसणाऱ्या कोंबड्या वगळत नेल्या आहेत, आणि ती बेफिकिरी हाच तिच्या जातिवंतपणाचा भाग आहे, हे त्यांच्या टोपीखाली कधी शिरलं नाही.

पोल्ट्रीचं सगळं काम करायची मालनवहिनी, तात्यांच्या एकुलत्या एका मुलाची, बाळूदादाची बायको. तिचं माहेर सासवडच्या बाजूचं. ती उंच, हाडापेराने मोठी, आणि हसताना पदर तोंडावर धरायचा विसरणारी होती. खाद्य टाकणं, पाणी बदलणं, तुसाचा थर उलटापालटा करणं, अंडी गोळा करून ट्रे लावणं, सगळं ती करायची, आणि बाळूदादा मोटारसायकलवर ते ट्रे बांधून चाकणच्या बाजाराला न्यायचा, म्हणून पोल्ट्री बाळूची असं गावात म्हणत. वहिनीने कोंबड्यांना गावातल्या बायकांची नावं ठेवली होती. एक सरपंचीण होती, ती दुसऱ्यांना पाण्याजवळ येऊ द्यायची नाही. एक डेअरीवाली होती, ती दिवसभर बोलायची. आणि एक कोंबडी मान वाकडी करून एका डोळ्याने सगळ्यांकडे बघायची, तिचं नाव तिने तात्या ठेवलं होतं. "तात्यानं आज अंडं दिलं न्हाई," असं ती मला गंभीर चेहऱ्याने सांगायची, आणि मी तुसात बसून पोट धरून हसायचो. त्या घरातलं हसण्यासारखं जे काही होतं ते त्या शेडमध्येच होतं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. भोसरीच्या एका डॉक्टरणीकडे तिला नेलं होतं. तिने तपासून सांगितलं की हिच्यात काही दोष दिसत नाही, आता नवऱ्याला घेऊन या. हे ऐकून तात्यांनी ठरवलं की त्या डॉक्टरणीला काही कळत नाही. बाळूदादा गेला नाही. आमच्या घराण्यातला पुरुष बाटलीत काहीतरी देऊन तपासून घेणार, ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटली. मित्रांसमोर बाळूदादा बायकोला खुडूक म्हणायचा. "काय करता राव, आमची खुडूक हाय," असं म्हणून तो हसायचा, आणि ते मित्रही हसायचे. आज त्यांच्यातला एकजण नातवाला शाळेच्या गाडीत बसवायला येतो तेव्हा मला नमस्कार करतो. मी त्याच्याकडे न बघता पुढे जातो. हा माझा शिष्टपणा आहे हे मला कळतं.

दिवाळी झाली आणि अंडी घटायला लागली. आधी थोडी, मग डोळ्यांत भरण्याइतकी. कोंबड्यांची मानेवरची पिसं गळायला लागली, तुरे फिके पडले, आणि बाळूदादा बाजारातून लवकर परतायला लागला. खाद्य तेच, पाणी तेच, रोग दिसत नव्हता. तात्यांनी शेडच्या चारी कोपऱ्यांत लिंबू-मिरची टांगली. मग एका जेवणात त्यांनी निकाल दिला, आणि तो सगळ्यांना अगोदरच माहीत असल्यासारखा सगळ्यांनी ऐकला.

"वांझ हातात पाखरं दिली, दुसरं काय हुनार. तिचं पाहून पाखरंबी तसलीच व्हायला लागली."

वहिनी तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. तात्या पुढे म्हणाले की संक्रांत झाली की तिला सासवडला पोचवून यायचं, आणि बाळूसाठी दुसरी सोयरीक बघायची. वडिलांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायले. आई म्हणाली, "सणाचं तरी असं बोलू नये भावजी." संक्रांत यायला अजून वेळ होता, तरी ती तसं म्हणाली, कारण तिला दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

मला काहीतरी करायचं होतं. सतरा वर्षांच्या, पहिल्या वर्गात आलेल्या मुलाला न्याय करायची केवढी हौस असते. जीवशास्त्राच्या मॅडमना मी दुसऱ्याच दिवशी गाठलं. बाई काटकुळ्या, सतत खोकणाऱ्या, आणि प्रश्न विचारला की आनंदाने खोकला विसरणाऱ्या होत्या. त्यांनी मला सांगितलं की पाखराला दिवसाची लांबी नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. उजेड त्याच्या कवटीच्या पातळ हाडातून आत झिरपतो. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात, त्यांच्यात डोळ्यातल्या प्रथिनाच्या जातीचं एक प्रथिन असतं, आणि उजेड पडला की ते आपला आकार बदलतं. तेवढ्याने निरोप सुटतो, एकातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला, आणि शेवटी अंडाशयाला हुकूम मिळतो की दिवस मोठे झाले, कामाला लाग. दिवस आखडले की हुकूम बंद. आंधळ्या पाखरालाही हे कळतं, त्या म्हणाल्या. मग खुडूक बसण्याचंही त्यांनी सांगितलं. जे द्रव्य बाईच्या अंगात दूध आणतं तेच कोंबडीच्या अंगात वाढलं की ती अंड्यावर बसते. कुठल्या जातीत ते किती वाढावं हे जनुकांत लिहिलेलं असतं, आणि माणसाने निवड करकरून ते पुसत आणलेलं असतं.

आज मी हाच मजकूर फळ्यावर लिहितो आणि मुलं तो परीक्षेपुरता उतरवून घेतात. मी मात्र त्या दिवशी बसमधून उतरून पळत शेडवर गेलो होतो. वहिनी पाण्याची भांडी घासत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातली राख झटकली आणि म्हणाली,

"म्हंजी टाळूतनं बघत्यात ह्या?"

"व्हय."

"मंग तात्यांस्नी म्हनावं टोपी काढा. बघू काय उजेड पडतो का."

घरी मी टोपीचं बोललो नाही, पण बाकी सगळं बोललो. अंडी कमी झाली त्यात वहिनीचा काही संबंध नाही, दिवस आखडल्यामुळे ती कमी झाली, असं मी पुस्तकी भाषेत, हात मागे बांधून सांगितलं. बाळूदादा म्हणाला, "मास्तर, कोंबडीच्या डोक्यात काच बसवलीय का?" तात्या मात्र हसले नाहीत. त्यांना माझ्यावर विश्वास बसला होता असं नाही. त्यांना अंडी हवी होती. शिवाय शिकलेल्या पोराला तोंडावर पाडायची संधी होती. ते म्हणाले, अर्धी शेड तुझी. अंडी आली तर तू म्हणशील ते खरं. न्हाई आली तर पुन्हा ह्या घरात शहाणपण शिकवायचं न्हाई.

आम्ही शेडच्या मधोमध ताडपत्री टांगली. विजेचा भरवसा नव्हता म्हणून मांडववाल्याकडून गॅसबत्त्या आणल्या आणि तुसावर ठिणगी पडू नये म्हणून तारेने उंच बांधल्या. रोज सूर्य कलला की वहिनी आणि मी बत्त्या पेटवायचो आणि घरातली जेवणं आवरेपर्यंत त्या जळत ठेवायचो. बत्तीचा सूं असा आवाज, तिच्या उजेडात खाद्य टिपणाऱ्या कोंबड्या, आणि ताडपत्रीपलीकडच्या अंधारात पंख मिटून बसलेल्या दुसऱ्या. मी पुस्तक घेऊन तिथेच वाचत बसायचो. वहिनी म्हणायची, "बघा, करतायत की अभ्यास." मी तिला सांगायचो की आता फार दिवस नाहीत, तुम्हाला कुठे जावं लागणार नाही. ती काही बोलायची नाही. तिचं ते गप्प बसणं मी आभार मानल्यासारखं घ्यायचो. इतका मी मूर्ख होतो.

संक्रांतीच्या अगोदर अंडी वाढली. ताडपत्रीच्या अलीकडचे ट्रे भरायला लागले आणि पलीकडचे तसेच अर्धेमुर्धे राहिले. शेडला चक्कर मारायला आलेला कुणीही एका नजरेत सांगू शकला असता. तात्यांनी स्वतः पाहिलं, ताडपत्री उचलून दोन्हीकडे पाहिलं, आणि निघून गेले. मी जिंकलो होतो. त्या आठवड्यात मी गावातून चालताना माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू यायचा.

त्याच आठवड्यात तात्यांचे साडू जेवायला आले. साडू म्हणजे गप्पांचा भुकेला, सरळ मनाचा माणूस. आणि ते बाळूदादासाठी एक स्थळ घेऊन आले होते. पुरुषांची पंगत बसली होती. वहिनी वाढत होती. तिच्या हातचं अंड्याचं कालवण वाटीत घेऊन साडू त्या मुलीच्या बापाची जमीन कुठे आणि किती ते सांगत होते, आणि तिच्याकडे भाकरी मागत होते. मला ते सहन होईना. मी मध्येच बोललो. म्हणालो, तात्या, आता कशाला हा विषय? अंड्यांचं तर सिद्ध झालं. उजेडाने झालं सगळं.

तात्यांनी घास चावून गिळला. मग शांतपणे विचारलं, "आंगनातल्या गावरान कोंबडीला बत्ती दावली तर ती देईल का येवढी अंडी?"

"नाही, एवढी नाही देणार."

"का बरं?"

"तिच्या जनुकांत ते नसतं."

"म्हंजी कशात? आमच्या भाषेत सांग."

"म्हणजे... रक्तात नसतं."

तो शब्द मी स्वतःच्या तोंडाने उच्चारला. तात्या साडूंकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मला तो आजही सोसत नाही.

"ऐकलं का पाव्हनं? सायन्सचं पोरगं सांगतंय. रगतात असलं तर उजेड दावला की येतं. न्हाई तर सूर्य आनून टांगा." मग त्यांनी हनुवटीने वहिनीकडे दाखवलं. "तीन वर्सं हिला समदं दावलं. दवाखाना दावला, देव दावलं. न्हाईच त्यात, तर काय करनार."

मी म्हणालो, तसं नाही, माणसाचं तसं नसतं. पण कसं असतं ते मला सांगता येईना. मी त्यांच्या हातात दिलेली विळी त्यांनी फक्त दुसरीकडे वळवली होती. बाळूदादा खाली मान घालून हसला. वडील भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच धरून बसले.

वहिनीने पळी पातेल्यात ठेवली.

"तात्या, एक इचारू?"

"इचार."

"शेडमधी येवढी अंडी आली. त्यातलं एक तरी उबवून पिल्लू निघंल का?"

तात्यांनी ताटातलं मीठ बोटाने कडेला सारलं. त्यांना कळलं होतं. पण साडूंना गप्प बसणं जमत नसे, आणि प्रश्न तर सोपा होता.

"कसं निघंल, पोरी?" ते हसून म्हणाले. "शेडमधी कोंबडा कुठं हाय."

"मंग त्यात कोंबड्यांचं रगत वाईट का, मामा?"

साडूंच्या हातातला घास ताटात पडला. ती पुढे म्हणाली, आवाज न चढवता, जसं ती खाद्य संपलंय हे सांगायची तसं, "डॉक्टरीन बाई दोघांस्नी या म्हनली हुती. मी येकलीच गेले. तपासायचं राह्यलंय ते माझ्यातलं न्हाई."

बाळूदादा ताट ढकलून उठला. बाहेर मोटारसायकल दोन-तीनदा लाथ मारूनही सुरू होईना, आणि तो तिला शिव्या घालत राहिला. शेवटी ती सुरू झाली आणि तो गेला. तात्यांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि आईला म्हणाले, "उद्या सकाळी हिला सासवडच्या गाडीत बसवा. संक्रांतीची वाट बघायची न्हाई." एवढं बोलून ते साडूंना सुपारी द्यायला लागले.

दोष कोणात होता ते मला आजही माहीत नाही. कुणी तपासलंच नाही. बाळूदादाचं दुसरं लग्न झालं. तरीही पाळणा हलला नाही, आणि त्या बाईचंही रक्त लगेच सापडलं. आता तो फ्लेक्सवर बाळासाहेब असतो, हात जोडलेला, मागे नदीकडच्या रानात उभ्या राहिलेल्या इमारतींचं चित्र असतं. फ्लेक्सवर त्याच्या नावाआधी काय काय लिहिलेलं असतं ते वाचून मला हसू येतं. नंतर आरशात दाढी करताना माझीच मान तात्यांसारखी वाकडी झालेली आणि तोंडावर त्यांचा तो एका डोळ्याने मापणारा तुच्छ भाव दिसतो, तेव्हा ते हसू जातं. तो मला रक्तातून आला की त्यांच्या ताटाशेजारी बसून बसून आला, हे मी जीवशास्त्र शिकूनही सांगू शकत नाही.

सकाळी वहिनीला पोचवायला मी निघालो. वडील पहिल्या पाळीला गेले होते, आईला तात्यांनी शेडमध्ये खाद्य टाकायला पाठवलं. वहिनीची एक पत्र्याची पेटी होती आणि एक कापडी पिशवी. हमरस्त्यापर्यंत ती पुढे आणि पेटी घेऊन मी मागे. पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला मी पेटी ठेवली आणि मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, वहिनी, मला माफ करा, तात्या असं फिरवतील हे मला कळलं नाही. मी तुमच्यासाठीच करत होतो.

"माहीत हाय की," ती म्हणाली. "लई भांडलात तुमी. मला त्या घरात ठिवून घ्यायला."

"हो."

"पन भावजी, मला तितं ऱ्हायचंय का, हे तुमीबी इचारलं न्हाई. तात्यांनी न्हाई इचारलं, ते कशाला इचारतील. तुमीबी न्हाई."

ट्रक जात होते. मी पुन्हा उजेडाचं, प्रथिनाचं काहीतरी सांगायला लागलो. तिने हात वर करून मला थांबवलं. रागाने नव्हे, कोंबडी अंगावर आली की ती जसा हात करायची तसा.

"पुरे आता. पेटी उचला. ह्या बाजूला न्हाई, पल्याड चला."

"पलीकडे? सासवडला तर इकडून..."

"सासवडला कोन चाललंय? तितं गेले तर भाऊ दोन दिसांनी परत आनून सोडंल. चाकणला माझी मावसबहीण हाय. तिच्या कंपनीत पॅकिंगला बाया घेत्यात. ती दिवाळीपासनं बोलावतीय."

दिवाळीपासून. म्हणजे मी गॅसबत्त्या टांगत होतो तेव्हाही तिला जायचं होतं, आणि मी तिला रोज धीर देत होतो की तुम्हाला जावं लागणार नाही. मी पेटी उचलली. वाहनांतून वाट काढत आम्ही रस्ता ओलांडला. नाशिककडे जाणारी गाडी आली, कंडक्टरने पेटी आत ओढून घेतली. पायरीवर चढून ती वळली.

"घरी इचारलं तर म्हना, सासवडच्या गाडीत बसवली. येवढं कराल का?"

मी मान हलवली. गाडी गेली. घरी आलो तेव्हा तात्या ओसरीवर बसून दात कोरत होते.

"बसवली का सासवडच्या गाडीत?"

"बसवली," मी म्हणालो. तिने सांगितलेलं मी केलेलं ते पहिलंच काम होतं.